भरतीचा तास आणि मनगटी घड्याळ : पेण-रोह्याच्या प्रवासेतिहासातील एक प्रकरण

पेण आणि रोहा ही गावे प्रत्यक्ष समुद्रकाठी वसलेली नाहीत. तथापि त्यांच्या प्रवासाच्या वेळा दीर्घकाळ समुद्रानेच ठरविल्या. पेणचे बंदर अंतोरे, रोह्याचा जलमार्ग कुंडलिकेची खाडी, आणि मुंबईच्या आगबोटीचे ठिकाण अंबा नदीवरील धरमतर. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड) या भागात घड्याळ आले, ते वेळेच्या एका प्रस्थापित व्यवस्थेत आले, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

या व्यवस्थेचा ठोकताळा सर्व कोकणात परिचित आहे. चालू तिथीस पाऊणने गुणावे. येईल तो पूर्ण भरतीचा तास. दशमीस साडेसात, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा. भरती दररोज सुमारे दोन घटका पुढे सरकते, हे निरीक्षण त्याच्या मुळाशी आहे. खाडीच्या आतल्या भागात पाणी आणखी उशिरा चढते, तेवढी वाढ अनुभवाने धरावयाची. मचवा पाण्यावर सुटे, तासाच्या ठोक्यावर नव्हे. आणि पाणी चुकले की पुढच्या भरतीपर्यंत साडेबारा तासांची खोटी होई.

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांनी तिला मोठा विरोध केला, आणि शहरातील काही व्यवहारांत 'मुंबई वेळ' १९५५ च्या सुमारापर्यंत टिकून राहिली. आगगाड्या मात्र प्रमाणवेळेने धावत. आता वरील ठोकताळा पाहावा. पौर्णिमेचे सव्वाअकरा प्रमाणवेळेने अकरा वाजून चोपन्न मिनिटे होतात, आणि मुंबईस उधाणाची भरती बाराच्या आसपासच येते. यावरून हा हिशेब स्थानिक, म्हणजे सूर्याच्या वेळेचा आहे, असे अनुमान निघते.

याचा प्रवाशावर होणारा परिणाम दोन ठिकाणी दोन प्रकारचा होता. प्रमाणवेळेचे घड्याळ बांधून कोणी तिथीच्या तासास बंदरावर गेला, तर तो लवकर पोचे; त्यास केवळ वाट पाहावी लागे. उलट, मुंबई वेळेचे घड्याळ घेऊन बोरीबंदरास जाणाऱ्याची गाडी अर्ध्या तासापूर्वीच सुटलेली असे. घरच्या पाण्याने क्षमा केलेली चूक लोहमार्ग क्षमा करीत नव्हता.

म्हणून लांबच्या प्रवासाच्या तयारीत पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्या यांच्याइतकेच घड्याळ 'लावून घेणे' महत्त्वाचे ठरले. चावीचे घड्याळ एका चावीवर साधारणतः दीड दिवस चाले. म्हणून रोज ठराविक वेळी चावी देण्याची सवय आवश्यक होती. प्रवासात नेमकी हीच सवय मोडे. जुन्या घड्याळांत चावीच्या बाजूने पाणी शिरे. तेव्हा स्नानापूर्वी आणि खाडीच्या पाण्यात उतरण्यापूर्वी ते काढून ठेवणे शहाणपणाचे होते.

मनगटी घड्याळाचा पुरुषवर्गात प्रसार झाला तो मुख्यतः १९१४-१८ च्या महायुद्धामुळे. खंदकातील सैनिकास दोन्ही हात मोकळे हवे होते. याच काळात, १९१५ साली, रोह्याशी ज्यांचे बालपण निगडित आहे ते चिंतामणराव देशमुख इंग्लंडला गेले. पश्चिमेकडील जलप्रवासात दर पंधरा रेखांशांस घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. वेळ ही स्थानाशी बांधलेली असते, हे तत्त्व खाडीकाठच्या माणसास नवे नव्हते. नवे होते ते ती वेळ मनगटावर बांधून नेणे.

१९८६ साली लोहमार्ग रोह्यापर्यंत आला आणि प्रवासावरील भरतीचा अधिकार संपुष्टात आला. तथापि मासेमारीस निघणारा कोळी आजही तिथी पाहतो. एका वेळेने दुसरीस हटविले असे येथे दिसत नाही. प्रत्येकीचे क्षेत्र तेवढे वेगळे झाले.