सोबत, शिदोरी, सॅक : हैदराबादहून निघणाऱ्या बाईची तयारी

रेल्वे येण्यापूर्वी हैदराबादेतून परगावी निघणाऱ्या बाईच्या तयारीत पहिला जिन्नस सोबतीचा असे. सामान दोन दिवस उशिरा बांधले तरी चाले, पण सोबत ठरल्याशिवाय निघण्याचा दिवस ठरत नसे. निजामाच्या राज्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे राजधानीपासून बैलगाडीने कित्येक मुक्कामांवर होते. घरंदाज बाई मेण्यात किंवा पडदे सोडलेल्या गाडीत बसे. बरोबर भाऊ, दीर किंवा जुना गडी आणि वाटेत ओळखीच्यांची घरे, असा तो प्रवास असे.

गरीब किंवा विधवा बाईला एकटीने घर सोडण्याची समाजाला मान्य असलेली वाट एकच होती, ती म्हणजे यात्रा. पैठणहून एकनाथांची पालखी पंढरपूरला निघे, तिच्या वाटेवर गावोगावच्या बाया येऊन मिळत. खांद्याला पडशी, तीत एक जास्तीचे लुगडे, पिठाची पुरचुंडी, तवा आणि डोक्यावर तुळस, एवढ्यावर कित्येक दिवसांची पायपीट होई. दिंडीत शिरलेल्या बाईला ‘कुठे निघालीस, कोणाबरोबर निघालीस’ असे कुणी विचारत नसे. सामान पाठीवर घेऊन चालणारी बाई या मुलखाला नवी नाही. नवे आहे ते देवाचे निमित्त न सांगता निघणे.

1874 मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला आणि हैदराबाद मुंबईच्या मार्गाला जोडले गेले. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटर गेज रूळ पडले, तेव्हा नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे राजधानीशी थेट बांधली गेली. रेल्वेने बाईची सोबतीची गरज एकदम संपवली नाही, पण ती बरीच सैल केली. घरच्या माणसाने डब्यात बसवून द्यायचे आणि पलीकडच्या स्टेशनावर दुसऱ्या कुणी उतरवून घ्यायचे, मधला प्रवास तिचा तिने करायचा, अशी पद्धत पडली. तार किंवा कार्ड वेळेत पोचणे हाही मग तयारीचाच भाग झाला.

या मधल्या प्रवासाला खरा आधार दिला तो कायद्याने. ब्रिटिश हिंदुस्थानच्या 1890 च्या रेल्वे कायद्यातील कलम 64 नुसार प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखणे बंधनकारक झाले. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असेल तर त्या कप्प्यात शौचालयही हवे होते. तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांना ही सोय सरसकट मिळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. स्त्रीस्वातंत्र्यावर त्या काळात पुष्कळ व्याख्याने झाली, पण एकटीने प्रवास करणाऱ्या बाईच्या दृष्टीने या शौचालयाचे मोल त्यांतल्या बहुतेकांपेक्षा जास्त होते.

हैदराबादेत डब्यापर्यंत पोचणे हाच एक स्वतंत्र सोहळा असे. पडदा पाळणाऱ्या घरातली बाई झटका नावाच्या घोडागाडीतून, पुढच्या काळात पडदे लावलेल्या सायकलरिक्षातून स्टेशनावर येई. वाहनापासून डब्याच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी चादरी धरल्या जात आणि त्या बोळातून ती आत शिरे. निघण्यापूर्वी तिच्या उजव्या दंडाला इमाम जामिन बांधलेला असे, म्हणजे कापडाच्या पट्टीत शिवलेले एखादे नाणे. इमाम रझा यांच्या हवाली केलेला हा प्रवासी सुखरूप पोचला की ते नाणे सोडून गरिबाला द्यायचे. सुलतान बाजाराकडच्या मराठी घरात त्याच वेळी निघणारीच्या हातावर दही पडत असे. दोन्ही घरांतली काळजी एकाच जातीची होती.

सामानाची बांधणी प्रवासाच्या अडचणींवरून ठरे. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे, आणि सोवळे सांभाळणाऱ्या बाईला त्यातले कुठलेच चालत नसे. म्हणून पितळेचा फिरकीचा तांब्या घरून भरून घ्यायचा. त्याचे झाकण फिरवून घट्ट बसे, गाडीच्या हिसक्यांनी पाणी सांडत नसे आणि वरच्या कडीत बोट घालून तो उचलता येई. शिदोरीत दशम्या असत. पीठ पाण्याऐवजी दुधात मळले की पदार्थ खरकट्यात मोडत नसे आणि दोन-तीन दिवस टिके. म्हणजे धर्म आणि पोट दोन्हींची सोय एकाच परातीत होई. बरोबर तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी असे. अंथरूण सतरंजीत गुंडाळून दोरीने आवळायचे. पुढे ऐपतदार घरांत पट्ट्यांचा होल्डॉल आला, त्याच्या दोन्ही टोकांच्या खिशांत उशी, टॉवेल आणि ऐनवेळी आठवलेले सगळे कोंबले जाई.

पैशांची तयारी तर खास हैदराबादची होती. संस्थानचे नाणे वेगळे. त्याला हाली म्हणत, ब्रिटिश रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब असे. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या बाईला निघण्याआधी पैसे बदलून घ्यावे लागत, आणि हा व्यवहार सहसा पुरुषाच्या हातून होई. कनवटीला खोचलेल्या पुरचुंडीत परतीच्या वाटेसाठी थोडे हालीही ठेवावे लागे. 1950 च्या दशकात हाली चलनातून गेले, तेव्हा हा खटाटोप संपला.

या नेहमीच्या प्रवासांपलीकडे जाणाऱ्या काही बायकांची नावे नोंदलेली आहेत. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये कलकत्त्याहून पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या. त्याआधी सेरामपूर येथे भर सभेत, आपण का जातो आहोत, हे त्यांना सांगावे लागले. बाईला सामानाआधी खुलासा बांधावा लागे, तो असा. हैदराबादच्या सरोजिनी चट्टोपाध्याय, पुढच्या सरोजिनी नायडू, 1895 मध्ये निजामाची शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या. याच शहरातल्या सुघरा हुमायूं मिर्झा यांनी उर्दूत प्रवासवर्णने लिहिली. त्यांचे प्रवास बहुधा पतीसह झाले, पण प्रवास लिहून ठेवणारी बाई ही वाचणाऱ्या मुलींसाठी मोठी गोष्ट होती. थोडक्या सामानावर फार लांब गेल्या त्या पार्वतीबाई आठवले. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी निधी जमवत देशभर फिरलेल्या या विधवा बाई 1918 मध्ये इंग्रजी जेमतेम येत असताना अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या आणि 1920 मध्ये परतल्या. एकटीच्या प्रवासाचा मराठीतला धडा शोधायचा तर त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र वाचावे.

शिक्षणाने अशा प्रवासाला रोजचे कारण दिले. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये आणि मुलींचे कॉलेज 1924 मध्ये निघाले. संस्थानातल्या मराठी जिल्ह्यांना राजधानीचे हेच विद्यापीठ होते, त्यामुळे वसतिगृहात राहायला आलेली मुलगी सुटीत ट्रंक घेऊन मनमाडच्या गाडीत बसू लागली. 1932 मध्ये रेल्वेच्या जोडीला निजामाच्या रेल्वेखात्याने 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा हैदराबादपासून तुटला, तरी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावरची मराठी वर्दळ हटली नाही.

पाठीवर सॅक टाकून केवळ भटकण्यासाठी निघणारी मुलगी मात्र अलीकडची. हैदराबादेत तिच्या सरावाची ठिकाणे जवळ आहेत: भुवनगिरीचा एकसंध कातळ, अनंतगिरीचे डोंगर, खाजागुड्याचे खडक. 1996 मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ या खडकांत पायी फेऱ्या काढते; अनोळखी लोकांबरोबर चालण्याचा पहिला अनुभव म्हणून त्या चांगल्या. भुवनगिरीच्याच कातळावर चढाई शिकलेल्या मालावत पूर्णाने 25 मे 2014 रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षात, एव्हरेस्ट गाठले.

सॅकेत काय भरावे याच्या याद्या कुठेही मिळतात. जुन्या बाईच्या मानाने आजची यादी हलकी आहे, कारण पाणी, अंथरूण आणि जेवण वाटेत मिळते. जड झाला आहे तो कागदांचा आणि फोनचा भाग. हैदराबाद पोलिसांची ‘शी टीम्स’ पथके ऑक्टोबर 2014 पासून बायकांच्या छळाविरुद्ध काम करतात. रेल्वेसाठी 139 आणि सर्वसाधारण संकटासाठी 112 हे क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये असावेत. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसच्या स्लीपर वर्गात सहा बर्थ बायकांसाठी राखीव असतात. 1989 च्या रेल्वे कायद्यातले कलम 139 तर फार थोड्यांना ठाऊक असते: पुरुषाची सोबत नसलेल्या बाईला तिकीट नाही म्हणून वाटेल त्या स्टेशनावर किंवा रात्री उतरवता येत नाही. तिने जिथून प्रवास सुरू केला तिथे, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही दिवसाच, उतरवावे लागते.

9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणातल्या रहिवासी बायकांना पल्लेवेलुगू (ग्रामीण साध्या) आणि एक्सप्रेस बसमध्ये तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत; पत्त्याचा पुरावा जवळ असला म्हणजे झाले. ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच चालते. पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट पडते.