निर्दोषत्वाचे गृहीतक

फौजदारी न्यायातील मूलभूत तत्त्व. गुन्हा वाजवी शंकेपलीकडे शाबीत होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचे आणि शाबितीचा भार सरकार पक्षाने वाहायचा, असे ते सांगते. आरोपीला स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नाही. तो गप्प बसला म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. फ्रान्सच्या 1789 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात (कलम 9) आणि 1948 च्या सार्वत्रिक जाहीरनाम्यात (कलम 11) हे तत्त्व नमूद आहे. इंग्लंडमध्ये 1935 च्या वूल्मिंग्टन खटल्याने त्याला पक्के रूप दिले. भारतीय संविधानात ते शब्दशः आलेले नाही. पुरावा कायदा (1872, जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम) आणि संविधानाचा अनुच्छेद 21 (जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क) यांच्या आधारे न्यायालयांनी ते दृढ केले.

महाराष्ट्रातून गेलेल्या दोन अपिलांचा दाखला या संदर्भात देशभर दिला जातो. शिवाजी बोबडे खटल्यात (1973) न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले की, क्षुल्लक शंकेवरून खऱ्या गुन्हेगाराला सोडणे हाही अन्यायच. पुण्याच्या सारडा खटल्यात (1984) सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या आणि दोन न्यायालयांनी फाशी सुनावलेल्या आरोपीला मुक्त केले. पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचार), अमली पदार्थ यांसारख्या कायद्यांत काही गृहीतके आरोपीच्या विरुद्ध जातात. मात्र तिथेही पायाभूत तथ्ये आधी सरकार पक्षालाच सिद्ध करावी लागतात.

या तत्त्वाचा खरा कस लागतो तो लोकांचा राग रास्त असतो तेव्हा. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यातील आरोपी कसाबचे वकीलपत्र घेणे हाच अनेकांना द्रोह वाटला. त्याच्यासाठी नेमलेल्या एका वकिलांच्या वरळीतील घरावर 2009 मध्ये जमावाने दगडफेक केली. तरीही आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. 3 मे 2010 रोजी न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी कसाबला दोषी ठरवले आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना सोडून दिले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात हाताने काढलेला एक नकाशा होता. चकमकीत मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या पँटच्या खिशात तो मिळाला, असे पोलिसांचे म्हणणे. पँट रक्ताने भिजलेली आणि कागदावर मात्र रक्ताचा डाग नाही! न्यायालयाने ही विसंगती नजरेआड केली नाही. 29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही दोघांची सुटका कायम ठेवली. एवढ्या मोठ्या दुःखातून जाणाऱ्या शहरात एक कागद इतक्या काळजीने तपासला गेला, याचा मुंबईकरांना अभिमान वाटायला हवा.

अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. ते बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. वृत्तवाहिन्यांच्या समांतर खटल्यांमुळे तपासात आणि न्यायदानात अडथळा येतो, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये दिला. हैदराबादजवळ 2019 मध्ये एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा तर प्रकरण खटल्यापर्यंत पोचलेच नाही. 6 डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. याची चौकशी करणाऱ्या न्या. विकास सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये निष्कर्ष काढला की, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. खटलाच न झाल्यामुळे तिच्या आईवडिलांना साक्षीपुराव्यानिशी दिलेला निकाल कधीच मिळणार नाही.

एरवी, रोजच्या व्यवहारात, हे तत्त्व सर्वांत जास्त पायदळी तुडवले जाते ते तुरुंगात. 2022 च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. कायद्याच्या लेखी निर्दोष असलेली ही माणसे जामिनाअभावी आत असतात, आणि त्यांत गरिबांचा भरणा मोठा आहे.

हे तत्त्व ढिले पडले की काय होते, ते एका खटल्यात दिसते. नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला. बलात्कार झाले, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी सुनावली गेली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची शिक्षा फाशीच ठरवली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळेच इसम ओळखले होते. त्यांच्याबाबत पुढे तपासच झाला नाही. सहा जणांची 16 वर्षे गेली, आणि जिने आपली माणसे गमावली तिने बोट दाखवलेले चौघे मोकळेच राहिले.