सुटकेनंतरचा हिशेब

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्याचा निकाल दिला. विशेष मोक्का न्यायालयाने २०१५ साली दोषी ठरवलेले बाराही आरोपी निर्दोष सुटले. त्यांपैकी पाच जणांना फाशी झाली होती. त्या पाचांतला एक हा निकाल ऐकायला उरलाच नाही. २०२१ मध्ये कैदेत असतानाच तो कोरोनाने मरण पावला. आरोपींचे कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतील मजकूर जागोजागी सारखाच आहे आणि ते छळ करून घेतल्याचे दिसते, असे न्यायालयाने म्हटले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

आमच्या मोहल्ल्यांत त्या दिवशी लोकांनी शुक्र अदा केला. ते स्वाभाविकच होते. परंतु एक प्रश्न मागे उरला. कबुलीजबाब छळ करून घेतले असतील तर छळणारे कोण होते? त्यांना कोणी विचारले? आमच्या देशात या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि तो आम्ही नीट वाचलेला नाही.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यात रयतेचा छळ होतो अशा तक्रारी थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेल्या. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८५५ साली त्याचा अहवाल आला. शेतसारा वसूल करताना आणि गुन्हा कबूल करवून घेताना सरकारी नोकर सर्रास छळ करतात, असे त्यात नमूद होते. बोटे लाकडी चिमट्यात दाबणे, माणसाला वाकवून तासन्तास बांधून ठेवणे, अशा प्रकारांची नोंद त्यात आहे. आयोगाने दोष देशी शिपायांच्या माथी मारून गोऱ्या साहेबांना बरेचसे मोकळे सोडले, हेही खरे. तरी त्यातून एक धडा घेतला गेला. पोलिसापुढे दिलेली कबुली पुराव्यात धरायची नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी संहितेत आला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून पक्का झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कलम २३ मध्ये कायम आहे. परक्या सरकारचाही आपल्या पोलिसांवर एवढा विश्वास नव्हता!

हे शहाणपण केवळ इंग्रजांचे नव्हे. आठव्या शतकात बगदादचे काझी अबू यूसुफ यांनी खलिफा हारून अल-रशीदसाठी ‘किताबुल खराज’ लिहिला. मारहाण करून किंवा धाक दाखवून घेतलेली कबुली ग्राह्य नाही, असे त्यांनी त्यात बजावले आहे. पुढे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी काही फकिहांनी यातून वाटा काढल्या, ही गोष्टही लपवण्यासारखी नाही. भीती वाढली की तत्त्व मागे पडते, हा सगळ्याच राजवटींचा अनुभव आहे.

स्वतंत्र भारतातही तेच घडले. १९८५ मध्ये आलेल्या आणि १९८७ मध्ये नव्याने केलेल्या ‘टाडा’ कायद्याने पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यात घेण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात ती वैध ठरवली. ‘टाडा’खाली सत्तर हजारांहून अधिक लोक पकडले गेले, दोषी ठरलेल्यांचे प्रमाण अगदीच किरकोळ राहिले. १९९५ मध्ये तो कायदा संपला, पण ती तरतूद संपली नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मोक्का’त ती आली आणि २००२ च्या ‘पोटा’तही आली. ‘पोटा’ २००४ मध्ये रद्द झाला. ‘मोक्का’ आजही आहे. कबुली मिळाली की तपास झाला, असे मानणाऱ्या यंत्रणेला मग पुरावा शोधण्याची तसदी कशाला हवी?

परभणीच्या ख्वाजा युनूसचे प्रकरण आमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. दुबईत नोकरी करणारा हा २७ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनियर. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला आणि त्याच महिन्यात ‘पोटा’खाली त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादला नेताना नगर जिल्ह्यात पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सहआरोपीने मात्र न्यायालयात सांगितले की कोठडीत त्याला पट्ट्याने मारताना आणि तो रक्त ओकताना आपण पाहिले. त्याच्या घरच्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सीआयडीच्या तपासात पलायनाची कहाणी बनावट निघाली. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याची परवानगी दिली ती फक्त चौघांविरुद्ध. युनूसचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. ज्या स्फोटासाठी त्याला पकडले, त्यातील उरलेले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले.

युनूसच्या आईने जी लढाई दिली, तिच्यापुढे आम्ही सर्वांनी मान झुकवावी. उरलेल्या पोलिसांवरही खटला चालावा अशी तिची मागणी होती. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. वीस लाखांची भरपाई मात्र दिली. चौघांविरुद्धच्या खटल्यात साक्ष सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. २००४ पासून निलंबित असलेले हे चौघे जून २०२० मध्ये पोलीस दलात परत घेतले गेले. भरपाईची रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून गेली. ज्यांच्यावर ठपका होता, त्यांच्या खिशाला काय तोशीस पडली?

८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात हमिदिया मशीद व बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली आणि दहशतवादविरोधी पथकाने मुसलमान तरुणच पकडले. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तपासयंत्रणेने त्यांना बळीचा बकरा बनवले, असे निकालात म्हटले गेले. तोवर नऊपैकी एकजण हयात नव्हता. खोटे आरोपी उभे केले की खरे निसटतात. मग मशिदीच्या दारात मेलेल्यांच्या घरच्यांनाही इन्साफ मिळत नाही. छळाने होणारे हे दुसरे नुकसान कोणी मोजत नाही.

हैदराबादचे उदाहरण आणखी बोलके आहे. १८ मे २००७ च्या मक्का मशीद स्फोटानंतर तिथे अनेक तरुणांना पकडून त्यांचा छळ झाला. तेव्हाच्या आंध्र सरकारने चूक मान्य करून सत्तर जणांना मिळून सत्तर लाख रुपये दिले. २०१३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि पैसे परत घ्यायला सांगितले. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात ‘पोटा’खालच्या कबुलीजबाबांवर शिक्षा झालेल्या सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष सोडले, त्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने नकार दिला. परंतु हेरगिरीच्या खोट्या आरोपात छळ सोसलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना याच न्यायालयाने २०१८ मध्ये पन्नास लाख देवविले आणि अधिकाऱ्यांच्या भूमिकेची चौकशी लावली. म्हणजे मार्ग आहे. तो सर्वांसाठी खुला नाही, एवढेच.

परदेशातही चित्र दुहेरी आहे. अमेरिकी सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४ मध्ये सीआयएच्या गुप्त तुरुंगांचा अहवाल प्रसिद्ध केला. ११९ कैद्यांपैकी निदान २६ जणांना ठेवण्याला एजन्सीच्या स्वतःच्या निकषांनीही आधार नव्हता, असे त्यात आहे. तरी या कार्यक्रमासाठी तिथल्या कोणत्याही वरिष्ठाला शिक्षा झाली नाही. उलट कॅनडाने, चुकीच्या माहितीमुळे अमेरिकेमार्फत सीरियाच्या कोठडीत गेलेल्या माहेर अरार या आपल्या नागरिकासाठी आयोग नेमला. २००७ मध्ये पंतप्रधानांनी त्याची माफी मागितली आणि एक कोटी पाच लाख डॉलर दिले. माफी मागितल्याने कॅनडाचे सरकार काही कोसळले नाही.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकले आणि विरून गेले. २०१७ मध्ये विधी आयोगाने नवा मसुदा दिला. तोही पडून आहे. पोलिसांवर खटला भरायचा तर परवानगी सरकारचीच लागते. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे राहायचे हे आरोपीच्या मालकाने ठरवायचे, असा हा न्याय आहे.

शेवटी एक गोष्ट आम्ही स्वतःलाही बजावली पाहिजे. २००८ च्या मालेगाव स्फोटातील आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. कोठडीत आपला छळ झाला असे त्यांचेही म्हणणे होते. त्यांच्या विचारांशी आमचे काहीही जुळत नाही. तरी त्यांच्या तक्रारीचीही चौकशी व्हावी, हे आम्ही म्हटले पाहिजे. नाव आणि धर्म पाहून छळाला विरोध करणारा माणूस छळाला विरोध करतच नसतो. कलम २१ ने जगण्याचा हक्क ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिला आहे. त्या दोन शब्दांना आम्ही धरून राहिलो, तरच हिशेब मागण्याचा आमचा अधिकार टिकेल.