एकच उत्तर हवे म्हणून

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत विचारले जाते तेच शुद्ध इंग्रजी, असे परीक्षार्थी आणि शिकवणीवाले धरून चालतात. इतिहास पाहिला तर हे नियम भाषेपेक्षा गुणांकनाच्या सोयीने निवडले गेलेले दिसतात. १८७४मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशासाठी नेमलेल्या साहित्यकृतींवर छोटा निबंध सक्तीचा केला आणि त्यात शुद्धलेखन, विरामचिन्हे व व्याकरण तपासायला सुरुवात केली. पण निबंधाचे गुण परीक्षकागणिक बदलतात. १९२६पासूनच्या ‘सॅट’ या प्रवेशपरीक्षेने ठरीव उत्तरांचे प्रश्न स्वीकारले आणि पुढे उत्तरपत्रिका यंत्रे तपासू लागली. १९७४मध्ये प्रमाण लिखित इंग्रजीची ३० मिनिटांची, ५० प्रश्नांची वेगळी चाचणी तिला जोडली गेली. प्रवेशानंतर विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवावे, हे ठरवण्यापुरती ती होती. १९९४मध्ये ती बंद झाली. पण २००५मध्ये चुका शोधण्याचे तसेच प्रश्न निबंधाच्या जोडीने ८०० गुणांच्या लेखनविभागात परतले आणि थेट प्रवेशाच्या पारड्यात पडले.

या पद्धतीची मर्यादा त्याआधीच, ऑक्टोबर २००२मध्ये, ‘सॅट’च्या पूर्वपरीक्षेतल्या अशाच एका प्रश्नात उघडी पडली होती. कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेविषयीच्या एका वाक्यात ‘चूक नाही’ हे अधिकृत उत्तर होते. मेरीलँडमधील एका शिक्षकाने हरकत घेतली: षष्ठीतल्या नामासाठी सर्वनाम वापरू नये, असे काही व्याकरणपुस्तके सांगतात. अनेक नामवंत लेखकांनी हा नियम पाळलेला नाही आणि भाषाशास्त्रज्ञांनीही तो निराधार ठरवला. तरीही २००३मध्ये परीक्षा घेणाऱ्या मंडळाने प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले. एका उत्तरावर एकमत नाही एवढ्यानेच तो प्रश्न बाद झाला. वाक्य बरोबर असणे त्याला वाचवू शकले नाही.

नियम ठरलेले नसतील तर लाखो मुलांची तुलना न्याय्य कशी होणार, हा आक्षेप रास्त आहे. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जात नाही त्याला लिखित नियम पाठ करता येतात. परीक्षकाची अभिरुची पाठ करता येत नाही. पण न्याय्य मोजमाप म्हणजे लेखनाचे पूर्ण मोजमाप नव्हे. २०१६मध्ये निबंध ऐच्छिक झाला, २०२१मध्ये बहुतेक परीक्षार्थींसाठी तो संपलाच. स्वल्पविराम आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ मात्र आजच्या संगणकीय परीक्षेतही टिकून आहे. म्हणून हे नियम परीक्षेपुरते जरूर शिकावेत, पण त्यांवरून कोणाच्या लेखनाची लायकी ठरवू नये.