विद्यार्थ्यांचे मूल्यमापन : कोणती पद्धत कशासाठी?

शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर इयत्ता पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना त्याच वर्गात ठेवण्याचा निर्णय सरकारांना घेता येतो. केंद्राच्या डिसेंबर २०२४ च्या नियमांनुसार अशा विद्यार्थ्यांना अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घेणे बंधनकारक आहे. ही परीक्षा पाठांतरावर नव्हे, तर क्षमतांवर आधारित असावी, असेही नियमांत नमूद आहे. त्यामुळे मूल्यमापनाची पद्धत योग्य निवडली गेली की नाही, यावर मुलाचे एक वर्ष अवलंबून राहू शकते.

पद्धत निवडण्यापूर्वी नेमके काय तपासायचे आहे, हे ठरवावे लागते. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विद्यार्थी रीत पाठ करून अचूक करू शकतो. मात्र एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारल्यावर ‘चार मोठे म्हणून एक चतुर्थांश’ असे उत्तर आल्यास अपूर्णांकाची संकल्पना समजलेली नाही, हे उघड होते.

बहुपर्यायी प्रश्नांतून कमी वेळात अधिक अभ्यासक्रम तपासता येतो आणि गुणदान एकसारखे होते. चार पर्याय असल्यास अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. मात्र चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांवर बेतल्यास गैरसमज नेमका कोठे आहे, ते कळते. दीर्घोत्तरी प्रश्नांतून विचारांची मांडणी दिसते. परंतु गुणदानाचे निकष आधी निश्चित नसल्यास परीक्षकागणिक गुण बदलतात. लेखनात मागे असलेल्या मुलाचे आकलन तोंडी परीक्षेत अधिक स्पष्ट होते, तर प्रयोगकौशल्य प्रात्यक्षिकातूनच तपासता येते.

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्याय अशा साधनांचा समावेश आहे. वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचा उद्देश अध्यापनात वेळीच सुधारणा करणे हा असतो, तर सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन संपादणुकीची नोंद करते.

‘परख’ संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीसाठी घेतलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा हेतू मात्र वेगळा होता. असे सर्वेक्षण शिक्षणव्यवस्थेची स्थिती दर्शवते. एखाद्या विद्यार्थ्याला पुढील वर्गात पाठवावे की नाही, हे त्यावरून ठरवले जात नाही.