प्रेस्टनचा प्लंबर

लँकेशायर हें नांव आपल्याकडील जुन्या पिढीच्या कानीं पडलें तें तेथील कापडामुळें. त्याच परगण्यांतील प्रेस्टन या गिरण्यांच्या गांवीं ५ एप्रिल १९२२ रोजीं टॉम फिनी यांचा जन्म झाला. इंग्लंडच्या फुटबॉल संघांतून ते ७६ सामने खेळले व त्यांनीं ३० गोल केले. तथापि लोकांनीं त्यांस नांव दिलें तें ‘प्रेस्टनचा प्लंबर’ असें. या नांवांत कौतुक आहे, तसा थोडा इतिहासहि आहे.

शाळा सुटतांच गांवच्या प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबानें त्यांस बोलाविलें. परंतु वडिलांनीं बजावलें कीं, आधीं नळकामाची उमेदवारी पुरी करावी, मग चेंडू. पाय केव्हां जायबंदी होईल याचा नेम नाहीं. हातचा धंदा मात्र जन्मभर पुरतो. पुढें महायुद्धांत फिनी यांनीं ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यांत चाकरी केली, आणि १९४६ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यांचा पहिला लीग सामना झाला.

त्या काळीं इंग्लंडांत धंदेवाईक फुटबॉलपटूच्या वेतनास कमाल मर्यादा असे. १९५२ सालीं ती आठवड्यास १४ पौंड होती. त्याच वर्षीं इटलींतील पालेर्मो क्लबानें फिनी यांस १०,००० पौंड रोख व दरमहा १३० पौंड देऊं केले. प्रेस्टन क्लबाच्या अध्यक्षांनीं साफ नकार दिला. आणि करार संपला तरी क्लबाच्या संमतीवांचून खेळाडूस दुसरीकडे जातां येऊं नये, असाच तेव्हांचा नियम होता. हजारों प्रेक्षकांचा हा लाडका खेळाडू सामन्यांच्या जोडीला नळ जोडीत राहिला.

साधेपणाचें गुणगान आपण सहज करितों. परंतु जो साधेपणा नियमानें लादला, तो सद्गुण म्हणून मिरविणें न्यायाचें नाहीं. खेळाडूंच्या संघटनेनें संपाचा इशारा दिल्यावर ही मर्यादा जानेवारी १९६१ मध्यें उठली. फिनी त्यापूर्वींच, १९६० सालीं, निवृत्त झाले होते.

मग त्यांचें मोठेपण कशांत पाहावें? जें कोणीहि त्यांच्यावर लादलें नव्हतें, त्यांत. खेळ सुटल्यावर त्यांनीं आपला नळकामाचा धंदा चालविला. गांवच्या न्यायासनावर ते विनावेतन दंडाधिकारी म्हणून बसले. स्थानिक आरोग्य मंडळाचें अध्यक्षपदहि त्यांनीं सांभाळलें. साऱ्या कारकीर्दींत पंचानें ज्यांस एकदांहि ताकीद दिली नाहीं, त्यांच्या हातीं निवाड्याचें काम सोंपविणें गांवास उचितच वाटलें असावें. १९९८ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. १४ फेब्रुवारी २०१४ रोजीं, एक्याण्णवाव्या वर्षीं, ते वारले.

श्रोतेहो, कष्टाचें योग्य मोल देणें हें समाजाचें ऋण आहे. तें पुरतें न फिटतांहि फिनी यांनीं गांवाकडे पाठ फिरविली नाहीं, हें त्यांचें दान. मात्र अशा दात्याचें नांव पुढें करून ऋणकोनें आपलें देणें बुडवूं नये, एवढाच या चरित्राचा बोध आहे.