'गरीब' म्हणजे नक्की कोण?

लहानपणी माझी आजी एका नातेवाइकाबद्दल म्हणायची, "पोरगा फार गरीब आहे हो." मला कळायचंच नाही. त्यांचा दोन मजली वाडा, दारात जीप. मग गरीब कसा?

आजीचं बरोबर होतं. मराठीत गरीब म्हणजे पैसे नसलेला, आणि गरीब म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला साधा माणूससुद्धा. 'गरीब गाय' म्हणताना आपण तिच्या बँक खात्याबद्दल थोडंच बोलतो?

शब्द मूळचा अरबी. तिथे 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. दूर जाणं, नजरेआड होणं हा त्याच्या धातूचा अर्थ. सूर्य नजरेआड होतो ती पश्चिम, म्हणून 'गर्ब'. सूर्यास्तानंतरची नमाज 'मगरिब' आणि मोरोक्कोचं अरबी नाव 'अल-मगरिब', ही सगळी एकाच घरातली भावंडं. पोर्तुगालच्या दक्षिणेचा अल्गार्व्ह प्रांतही मूळचा 'अल-गर्ब'च.

तुर्कीत 'गारिप' म्हणजे विचित्र. ओरहान वेली आणि त्याच्या दोन कविमित्रांनी 1941 मध्ये याच नावाचा कवितासंग्रह काढला. पैशाने गरीब असलेल्याला मात्र तुर्की माणूस 'फकिर' म्हणतो!

आपल्याकडे हा शब्द फारसीतून आला. हिंदीतल्या 'अजीबोगरीब'मध्ये जुना 'विचित्र' अजून शाबूत आहे. पण खरा दुवा सापडतो उर्दूत. तिथे 'गुर्बत' म्हणजे घरापासून लांब असणं, आणि गुर्बत म्हणजे दारिद्र्यही.

विचार करा. परक्या गावात ना आपली माणसं, ना उधार देणारा वाणी, ना बाजू घेणारं कुणी. हातात पैसा असला तरी तो किती दिवस पुरणार? म्हणून परका तो निर्धन झाला असावा. आणि पाठीशी कुणी नसलं की माणूस आवाज खाली ठेवतो. आजीचा 'गरीब स्वभाव' तिथूनच आला असेल, असं मला वाटतं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून पायी गावाकडे निघालेली माणसं आठवतात? त्यांना आपण गरीब म्हणत होतो ते पैशाच्या हिशोबाने. पण वर्षानुवर्षं इथे राबूनही शहराने त्यांना परकंच ठेवलं होतं. अरबी अर्थानेही ती गरीबच होती.

तुमच्या वर्गात, हॉस्टेलवर, ऑफिसात कुणी नवीन आलंय आणि गप्प गप्प बसतंय? "काय गरीब आहे बिचारा" म्हणून सोडून देऊ नका. चहाला बोलवा. कदाचित तो फक्त घरापासून लांब असेल.